दंडावरचा बिल्ला

खुनांचे तपास मी विसरलो, पण वर्ध्यातल्या एका टांग्याचं चालान अजून विसरता आलेलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नवा सबइन्स्पेक्टर होतो. पट्ट्याचं बक्कल मला कायद्याइतकंच महत्त्वाचं वाटे. देवळी रस्त्यावर चारऐवजी सहा सवाऱ्या बसवलेला टांगा आमच्या शिपायाने पाहिला. टांगा थांबेना, म्हणून हाकणाऱ्याच्या दंडावरच्या, परवान्याच्या पितळी बिल्ल्याचा नंबर त्याने टिपला. नंबरावरून चालान झालं. अशा खटल्यात टांगेवाले 'कबूल' म्हणत, किरकोळ दंड भरत आणि पुढच्या गाडीच्या सवाऱ्या गाठत. न्यायदानाला विडी संपण्याइतकाही वेळ लागत नसे.

ज्याच्या नावावर तो बिल्ला होता, तो मात्र ठाण्यात येऊन उभा राहिला. साठीचा, काटक.

"साहेब, वीस वर्षांत माह्यावर एक चालान नाई. त्या दिवशी मी तापानं दवाखान्यात पडून होतो. मी कोर्टात लढतो."

दवाखान्याच्या रजिस्टरात त्याचं नाव खरंच होतं. शिपाईही खोटा वाटेना. दोघेही खरे कसे, हे स्टेशनबाहेरच्या अड्ड्यावर एका दुसऱ्या टांगेवाल्याने सांगितलं.

"त्याचा टांगा त्याचा साळा हाकत होता ना! घोडं काय उपाशी ठेवता? बिल्ला देल्ला त्यानं. आम्ही सारेच देतो."

अड्ड्यावर हा शेजारधर्म होता. नियमात परवाना रद्द होण्याजोगा गुन्हा.

साळ्याला बोलावलं. पहिल्याच प्रश्नाला त्याने हात जोडले. "सवाऱ्या म्याच बसवल्या, साहेब. चालान झालं तरी भाऊजी मले एक शब्द बोलला नाई."

मी म्हाताऱ्याला बोलावून म्हटलं, "बाबा, कबूल करून टाका."

"काऊन? न केलेलं कबूल करू? तुमचंच कोर्ट, अन् तुम्हीच भेता?"

मी हसलो. कारण सांगितलं नाही. आरोपीला सावध करणं माझ्या कामात बसत नाही, अशी माझी समजूत होती. कामात बसत होतं ते केलं: आमच्या प्रॉसिक्युटरला साळ्याची हकिकत लिहून दिली.

तारखेला म्हातारा स्वतःहून साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. धुतलेला सदरा, घासून चकाकवलेला बिल्ला. दवाखान्याचं रजिस्टर आलं. तो जिंकलाच होता. मग प्रॉसिक्युटरने माझ्या कागदावर नजर टाकून विचारलं, "तुम्ही दवाखान्यात होतात. बिल्ला कोणाच्या दंडावर होता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. 'हरवला होता' म्हटलं असतं, तरी कदाचित निभावलं असतं.

"साळ्याच्या," तो म्हणाला. "म्याच देल्ला होता."

जादा सवाऱ्यांच्या आरोपातून तो सन्मानाने सुटला. परवाना पंधरवड्यात रद्द झाला. बिल्ला जमा करायला तो ठाण्यातच आला. मी पावती लिहीत असताना म्हणाला, "कबूल कर म्हणलं तुम्ही. काऊन, ते नाई सांगतलं."

"सांगितलं असतं तर खोटं बोलला असतात?"

"नाई. पण साहेब, सांगाले पायजे होतं."

कोर्टात जाणारा एका प्रश्नाचं उत्तर बांधून नेतो, आणि तिथे त्याला दुसराच प्रश्न विचारला जातो. पुढे चालान लढायला निघालेल्या प्रत्येकाला मी तो दुसरा प्रश्न ठाण्यातच विचारत आलो. वरिष्ठांनी माझ्या गोपनीय शेऱ्यात त्याला ढिलाई म्हटलं. त्या शेऱ्याविरुद्ध मी दाद मागितली नाही.