बिनकाट्याचा माल

मासळीच्या लिलावगृहात त्याला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. बर्फ फोडायचं यंत्र घरघरत असताना आणि हातगाड्या सिमेंटवरून खडखडत असताना तो उपड्या क्रेटवर चढायचा, आणि पार शेवटच्या खांबाला टेकलेल्या कमी ऐकू येणाऱ्या व्यापाऱ्यालाही भाव कळायचा. घरी मात्र हा गृहस्थ मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचा. बायको म्हणायची, "सगळा आवाज बाजारात विकून येतात. मला उरलंसुरलं."

लिलाव पुकारणं हे नुसतं घशाचं काम नव्हे. माल जमिनीवर ओतला की पुकारणाऱ्यानं आधी त्याचं नाव घ्यायचं, मग वजन सांगायचं, मग बोली सुरू. त्यानं जे नाव घेतलं, तो माल तोच. घेणाऱ्यानं मागाहून कुरकुर करायची नाही आणि विकणाऱ्यानं तर बोली संपेपर्यंत तोंडच उघडायचं नाही. नाव चुकलं तर भुर्दंड पुकारणाऱ्याच्या माथी. भोंग्यावर ती वेळ कधी आली नाही. बर्फातून नुसती शेपटी डोकावत असली तरी तो मासा ओळखायचा. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याची त्याला कधी गरज वाटली नाही.

मग कायदा आला. डॉल्फिन आणि देवमासा मारायचा नाही, विकायचा नाही, जवळही बाळगायचा नाही. जाळ्यात जिवंत सापडला तर जाळं कापून सोडायचा, मेलेला सापडला तर खात्याला कळवायचं. लिलावगृहाच्या भिंतीवर हसऱ्या डॉल्फिनचं चित्र लागलं आणि महिन्याभरात ते शिंतोड्यांनी भरून गेलं. कायद्याआधी चुकून अडकलेला एखादा डॉल्फिन अधूनमधून यायचा. खायला कोणी घेत नसे, पण खोल समुद्रात शार्कसाठी गळ टाकणाऱ्यांना ते मांस हवं असे. इथलं पाणी बारा महिने कोमट. साध्या मासळीचं आमिष त्यात मऊ पडून गळून जातं, हे मात्र गळाला धरून राहतं.

कायद्यानंतर पहिल्यांदा तसला क्रेट आला तेव्हा सगळे भोंग्याच्या तोंडाकडे बघू लागले. खरं नाव घ्यावं तर विकणारा, घेणारा आणि पुकारणारा तिघेही आत. खोटं घ्यावं तर आजवरच्या अब्रूचं काय? भोंग्यानं जरा मान खाजवली आणि पुकारलं, "बिनकाट्याचं, बोला." लिलावगृह खो खो हसलं. तसं पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. डॉल्फिनच्या मांसात माशासारखे काटे नसतातच. माल विकला गेला आणि लोक भोंग्याची पाठ थोपटून गेले.

मत्स्य खात्याचा निरीक्षक रोज तिथेच, कोपऱ्यातल्या टपरीवर चहा प्यायचा. 'बिनकाट्याचं' अशी हाळी आली की त्याची पाठ लिलावाकडे वळायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सरकारी माणसालाही कळतं.

सोयीचं नाव मिळालं तशी मालाची आवक वाढली. पूर्वी डॉल्फिन मारायला म्हणून कोणी समुद्रात जात नव्हतं. आता चार-पाच बोटींच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, भाले दिसू लागले. त्यात शौर्य काहीच नाही. डॉल्फिन आपण होऊन बोटीच्या पुढ्यात खेळायला येतात, वरून फक्त हात खाली आणायचा. भोंग्याला हे सगळं दिसत होतं आणि तो कानाडोळा करत होता.

मग एक दिवस त्याच्या मेहुण्यानंही तसला क्रेट आणून ठेवला. वडील गेल्यापासून धाकट्या बहिणीला भोंग्यानंच वाढवलं होतं आणि हे स्थळही त्यानंच शोधलं होतं. दाजी माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, हसतमुख होता, आणि चार जण करतात तेच करणारा होता. त्या दिवशी तो खाली मान घालून क्रेटशेजारी उभा राहिला. भोंगा क्षणभर अडखळला. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यानं पुकारलं, "बिनकाट्याचं, बोला." दाजीनं मान वर केली आणि हसला. पुढे तीनेक वर्षं तो माल आणत राहिला.

एका सकाळी दाजीची बोट उशिरा आली. एरवी मांस समुद्रातच सोलून, चौकोनी तुकडे करून आणत. त्या दिवशी घाई झाली होती, मोठमोठे भाग ताडपत्रीत तसेच गुंडाळले होते. दोघा खलाशांनी ताडपत्री ओढली, पोटाकडचा एक जड तुकडा घसरून जमिनीवर आपटला आणि त्यातून दाट पांढरं काहीतरी वाहू लागलं. रक्त नेहमीप्रमाणे उताराच्या गटाराकडे निघालं. हे मात्र जागीच पसरून राहिलं.

फरशी धुणारी बाई नळी घेऊन आली. तिनं पाणी मारलं, झाडू फिरवला, पुन्हा पाणी मारलं. डाग जाईना. ती वाकली, बोटावर थोडं घेतलं, अंगठ्यानं चोळलं.

"दूध आहे हे," ती म्हणाली. "गार पाण्यानं नाही जायचं. तूप असतं त्यात."

ती झाडूला टेकून उभी राहिली. "पिल्लू कुठंय?" तिनं दाजीला विचारलं.

"मला काय माहीत? पाण्यात असेल," दाजी म्हणाला. मग भोंग्याकडे वळून हळूच म्हणाला, "दादा, उरका ना."

बोली संपेपर्यंत विकणाऱ्यानं बोलायचं नसतं, पण त्या दिवशी तो बोलला. भोंगा क्रेटवर चढला. त्याच्या बुटांच्या टाचेला ते दूध लागलं होतं. व्यापारी वाट बघत होते. एवढी वर्षं सहज निघणारा शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच अडला. त्याला स्वतःची किळस आली. दाजीची नाही, स्वतःची. मग नेहमीच्याच आवाजात, शेवटच्या खांबापर्यंत जाईल असं, त्यानं पुकारलं,

"डॉल्फिन. मादी. लेकुरवाळी. कोण बोलतं?"

कोणीच बोललं नाही. नाव घेतलं गेलं होतं, आणि आता त्या मालावर बोली लावणं म्हणजे चारचौघांत गुन्हा कबूल करणं. टपरीवर निरीक्षकानं कप खाली ठेवला. ऐकू आलंच होतं, तेही सगळ्यांच्या देखत. त्याला उठावंच लागलं.

दाजीला नेलं, बोटीला सील लागलं. काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. बाकीच्या बोटींवरचे भाले रातोरात कुठे गेले कोण जाणे. व्यापारी भोंग्याशी कामापुरतं बोलू लागले, आणि धाकटीनं भावाच्या घरी येणं बंद केलं.

खटला उभा राहिला तेव्हा भोंगा सरकारी साक्षीदार होता. न्यायाधीश बाईंना त्याला दोनदा सांगावं लागलं, जरा मोठ्यानं बोला. दाजीच्या वकिलाचं काम सरळ होतं.

"हाच माल याआधी तुम्ही कुठल्या नावानं विकलात?"

"बिनकाट्याचं."

"हे नाव बाजारात आणलं कोणी?"

"मी."

"म्हणजे काय विकतोय हे तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि सांगितलं, तुमच्यावरही खटला होऊ शकतो, स्वतःसाठी वकील बघा. भोंग्यानं मान डोलावली. त्याला एका परीनं बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या नळाशी धाकटी बाटली भरत उभी होती. तो जवळ गेला. ती बाजूला झाली नाही, एवढ्यानंच त्याला धीर आला.

"त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही गं," तो म्हणाला.

"त्या दिवसाचं काही नाही माझं." तिनं नळ बारीक केला. "पहिल्यांदा हे तो माल घेऊन आले ना, त्याच्या आधी घरी बसले होते. पाय निघेना त्यांचा. म्हणाले, दादा खरं नाव घेतील. त्यांनी घेतलं की सुटलो, पुन्हा नाही आणायचा. त्यांनी तुझ्यावर सोडलं होतं."

भोंग्याला क्रेटशेजारी खाली मान घालून उभा असलेला दाजी आठवला.

"दुपारी परत आले ते हसतच," ती म्हणाली. "म्हणाले, दादांनी बिनकाट्याचंच नाव घेतलं. दादा घेतात म्हणजे चालतं."

"मला खरं नाव घ्यायचं होतं," तो म्हणाला. "ओठावर आलं होतं गं."

"मग घ्यायचंस ना, दादा."

तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि ती नवऱ्याला पाणी द्यायला आत गेली.