भिकाजी मास्तर झोपले नव्हते

पांडूला बातमी सांगायला वेळ लागला. छापखान्याच्या दारात तो ओली छत्री घेऊन उभा होता, ओठ हलत होते, पण आवाज ‘म… म…’च्या पुढे सरकत नव्हता. मी प्रुफं तपासत होतो, मला घाई होती, म्हणून नेहमीसारखं त्याचं वाक्य मीच पुरं केलं. "मास्तर गेले?" त्याने मान हलवली. आपण काय बोललो ते मला त्यानंतर कळलं… भिकाजी मास्तरांनी पांडूचं एकही वाक्य कधी पुरं केलं नव्हतं. सगळ्या गिरगावात त्याच्यासाठी थांबणारा तेवढा एकच माणूस होता.

याला सव्वा महिना झाला. मधल्या काळात आमच्या हायस्कुलात शोकसभा झाली. स्वच्छ उपरणी घेऊन मंडळी आली, एकेकाने उठून डोळे पुसले. कोणी मास्तरांना देवमाणूस म्हणालं, कोणी ऋषी म्हणालं. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या सह्या मी एका अर्जाखाली पाहिल्या आहेत. पाहिल्या आहेत म्हणजे काय, तो अर्ज माझ्याच अक्षरात होता. सभेत मी तोंड उघडलं नाही. ते इथे उघडतो.

मास्तर आमच्या शाळेत आले तेव्हा मी इंग्रजी चौथीत होतो. किडकिडीत अंग, कोपरावर ठिगळ लावलेला काळा कोट, आणि आम्हा पोरांना अहो-जाहो करण्याची सवय. शाळा चांगली की वाईट हे आमच्या वाडीत एकाच खुणेवरून ठरत असे. संध्याकाळी बाप पोराला जवळ बोलावून हात उलटे-सुलटे करून बघे. वळ असले की समाधानाने सोडून देई. उन्हाळ्यात कोकणात गेलेले लोक परत येताना आमसुलांबरोबर निगडीच्या फोकांची एक जुडी मास्तरांसाठी आणत, आणि ती शाळेत नेऊन द्यायचं काम ज्याच्या पाठीसाठी ती आणलेली असे त्याच्याकडेच येई. आमच्या अण्णांनी पाठवलेली जुडी मी भिकाजी मास्तरांना दिली तेव्हा ते म्हणाले, "वा, हिरवी आहे अजून. वडिलांना नमस्कार सांगा." मग त्यांनी ती कपाटामागे उभी करून ठेवली. तिथे अशा सात-आठ जुड्या वाळत पडल्या होत्या.

पालकांचं मत सांगितलं, आता विद्यार्थ्यांचंही सांगतो. आम्हाला ते मास्तर आवडत होते असं शोकसभेत एक माजी विद्यार्थी म्हणाला. ते खोटं आहे. आम्ही त्यांचा तिरस्कार करत होतो. इतर मास्तरांसमोर आम्ही थरथर कापायचो आणि त्याचा सगळा सूड या एका माणसावर काढायचो. त्यांच्या खुर्चीला खाजकुयली लावली, त्यांच्या टोपीत शाई ओतली, त्यांच्या चालण्याची नक्कल केली. ज्याच्यापासून भय नाही त्याला छळायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. ते आमचं आम्हीच शिकलो, आणि त्यात आम्ही फार हुशार निघालो.

कविता म्हणायच्या तासाला मास्तरांची एक रीत होती. मुलगा उभा राहिला की ते खुर्चीत मागे टेकून डोळे मिटत आणि शेवटपर्यंत उघडत नसत. पहिल्यांदा आम्हाला गंमत वाटली. पुढे कळलं की हे मुख्यतः पांडूसाठी आहे. त्याच्याकडे कोणी पाहिलं की तो अडत असे. मास्तर पाहत नसत, घाई करत नसत, आणि पांडू अडखळत अडखळत का होईना, पण सबंध कविता म्हणून खाली बसे. एखादा शब्द गाळला तर मिटल्या डोळ्यांनीच मास्तर म्हणत, "पांडुरंगराव, मधलं एक घर राहिलं." म्हणजे ते जागे होते. वर्गातल्या चाळीसच्या चाळीस पोरांना हे ठाऊक होतं.

सहामाही परीक्षेनंतरच्या रविवारी आमच्या घरी पालक जमले. मास्तरांना काढायचं हे ठरलेलंच होतं, फक्त निमित्त सापडत नव्हतं.

"माझा मुलगा शाळेतून हसत येतो," कापडवाले शेटजी म्हणाले. "शाळेतून कोणी हसत येतं का?"

परळच्या गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम, तुकारामबुवा मांडी बदलत म्हणाले, "आमच्या खात्यात दिवसाला दोघातिघांच्या पाठीत घातल्याबिगर काम उठत नाय. आणि ह्यो मास्तर पोरांना अहो-जाहो करतो! उद्या माझं पोरगं मलाच अरे-तुरे करील."

पांडूची आई दाराशी बसली होती. ती कोळीण, मासळी विकून मुलाला शिकवत होती. ती म्हणाली, "मी अर्जावर अंगठा नाय देनार. माजा पोर आता घरी येऊन बोलतो. परवा तर माज्याशी भांडला!"

"बाई, तू तुझं म्हावरं विक," तुकारामबुवा म्हणाले. "शाळेचं आम्ही बघतो."

"म्हावरं ताजं का सडलेलं ते तरी लोक कल्ला उघडून बघतात. तुमी कवा वर्गात जाऊन बघितलंत?"

मंडळी हसली. ती उठून गेली. मग अण्णा म्हणाले, "मारत नाहीत म्हणून काढा, असं लिहिलं तर शाळा तपासणारे डेपुटीसाहेब अर्ज फेकून देतील. दुसरं काही हवं."

मी कोपऱ्यात टाक-दौत घेऊन बसलो होतो. त्या वयात मला पुस्तकांपेक्षा चोपड्यांचं वेड होतं. चार-सहा पानांची, कोणावर तरी तुटून पडणारी चोपडी मिळाली की मी ती पाठ करत असे. मुलांना मारू नये अशी एक चोपडीही मला तोंडपाठ होती आणि ती मला पटलेली होती. तरी मी म्हणालो, "मास्तर वर्गात झोपतात, असं लिहू या."

शेटजींनी मांडीवर थाप मारली. अण्णांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी तसं पूर्वी कधी केलेलं मला आठवत नाही. मी लिहिलं, "सदरहू मास्तर विद्यार्थी पाठ म्हणत असता खुर्चीत निद्राधीन असतात, हे आमच्या मुलांनी नित्य पाहिलेले आहे." लिहिताना मला लाज वाटली नाही. वाक्य चांगलं जमलं याचा आनंद झाला. माझ्या लिहिण्याने जगात काही घडू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि आजवर मी जे काही लिहिलं त्याची सुरुवात तिथे आहे.

पुढच्याच पंधरवड्यात डेपुटीसाहेब न कळवता आले. कवितेचा तास चालू होता, पांडू उभा होता. साहेब चवड्यांवर चालत आत आले आणि मास्तरांच्या खुर्चीशी येऊन थांबले. पांडूने त्यांना पाहिलं मात्र, त्याचा शब्द अडकला. मास्तर डोळे मिटून शांतपणे वाट पाहत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे… साहेबांनी काठी आपटली. मास्तरांनी डोळे उघडले आणि धडपडत उठून उभे राहिले.

"तुमचे मास्तर झोपले होते की नाही?" साहेबांनी वर्गाला विचारलं.

पहिल्या बाकावर पहिला मी. मी म्हणालो, "होय, साहेब." मग शेजारचा म्हणाला, मग सगळा बाक, मग सगळा वर्ग. पांडू एकटा "न… न… न…" करत राहिला. त्याची नक्कल मागून कोणीतरी केली आणि वर्ग खदखदून हसला. साहेबही हसले. मास्तरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. आम्ही चाळीस जण खोटं बोलतो आहोत, असं ते म्हणू शकले असते, आणि हेडमास्तरांनी आमची चामडी लोळवली असती. ते म्हणाले, "लागला असेल डोळा, साहेब." महिनाअखेर त्यांची नोकरी गेली.

झोपणाऱ्या मास्तराला दुसऱ्या शाळेने घेतलं नाही. ते बंदरावर लाकडाच्या एका वखारीत ओंडक्यांवर खुणा करायच्या कामाला लागले, दिवसभर उन्हात उभं राहून. गेल्या दिवाळीनंतर मी तिकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. चेहरा काळवंडला होता, बोटं डांबराने माखलेली. मी शाळांमधल्या मारहाणीविरुद्ध एक चोपडं छापलं होतं, ते मोठ्या ऐटीत त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी पहिलं पान उभ्याउभ्या वाचलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "तुमचं वाक्य लोकांना पटतं, गजाननराव. तेव्हाही पटायचं."

त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मी विचारलं नाही. घाईत असल्याचं सोंग करून निघून आलो. त्यानंतर आषाढात त्यांना ताप आला आणि चार दिवसांत ते गेले.

शोकसभेनंतरच्या गुरुवारी मी त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. एकच खोली. खिडकीशी त्यांचा सहा वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून एकोणतीसचा पाढा म्हणत होता. एका जागी तो अडला. मी पुढचं पटकन सांगितलं तसा तो चिडून वळला. "सांगू नका! बाबा सांगत नाहीत. बाबा थांबतात."

मास्तरांची आई कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. त्यांची बायको आतल्या पडद्याआडून बोलत होती. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. मी शाळेचं नाव काढताच ती म्हणाली, "शाळेला काय दोष द्यायचा? दोष माझा होता. तेव्हा हा तान्हा, डांग्या खोकल्याने बेजार. मला उठवायचं नाही, म्हणून रात्र रात्र तेच याला खांद्यावर घेऊन फिरायचे. मग दिवसा डोळा लागणार नाही तर काय? मी विचारलं होतं, खरंच झोपलात का? हो म्हणाले."

"सांगते आहे ना तीच," म्हातारी म्हणाली. "हिच्या झोपेपायी माझ्या मुलाला ओंडके मोजावे लागले. रोज सांगत आले मी तिला."

रोज. सहा वर्षं. मास्तरांनी आम्हा पोरांना वाचवलं आणि ते खोटं घरातसुद्धा तसंच ठेवलं. त्यांनी हे चुकीचं केलं, आणि ते मेले म्हणून मी त्याला थोरपणा म्हणणार नाही. त्यांच्या सभ्यपणाचा मार त्यांच्या बायकोने खाल्ला.

मी सगळं सांगितलं. अर्ज, माझं वाक्य, पहिल्या बाकावरून दिलेलं उत्तर. "ते झोपले नव्हते, काकू. एकदाही नाही."

म्हातारी म्हणाली, "आता हे उकरून काय होणार रे? तो तर गेला."

"होईल," म्हणत पडदा सारून ती बाहेर आली. सासूसमोर तिने आवाज चढवल्याचं बहुधा त्या खोलीने पहिल्यांदाच ऐकलं असावं. "मला होईल. तुम्ही छापता ना? मग हे छापा. ‘एक विद्यार्थी’ वगैरे लिहू नका, स्वतःचं नाव घाला. आणि छापून आलं की इथे येऊन सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. मला वाचता येत नाही आणि त्यांना माझं खरं वाटत नाही."

मी माफी मागायला गेलो होतो. तिने ती दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. हा मजकूर असलेला अंक निघेल त्या दिवशी पहिली प्रत घेऊन मी त्या खोलीत जाणार आहे. म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागेल.

गजानन बाळकृष्ण राणे,
अर्ज लिहिणारा