शालिकभाऊ अन् भुऱ्याची ताक-भाकर

कामरगावच्या स्टँडसमोर आमचं बांगड्यांचं दुकान हाय. दुकानापुढं टिनाची चार हात सावली पडते. त्या सावलीत शालिकभाऊ काकडीची टोपली घेऊन बसते. बारा वर्षं झाले. एवढा अबोल माणूस, की एस.टी. आली त हाक बी मारत नाई. काकडी चिरते, तिखट-मीठ लावते अन् हातात धरून उभा राह्यते. मी म्हणते, "अवो भाऊ, तोंड उघडा थोडं! काकडी काय सोताहून खिडकीत उडी मारणार हाय?" ते नुसते हसते.

बोलाचं खातं त्यायच्या बायकोचं होतं, गोमतीचं. ती असली की माह्या दुकानात बांगड्या कमी अन् हासणं जास्त. धीरजले, म्हणजे तिच्या पोराले, पुण्यात लेकरू झालं तवा ती सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. ते लेकरू आता दप्तर घेऊन बालवाडीत जाते, अन् गोमती अजून तिथंच हाय. सुनेले, रूपालीले, नोकरी हाय. घरी लेकरापाशी कोणीतरी लागते. कोणाचंच चुकलं नाई बाप्पा, म्हणून त कोणाले शिव्या बी देता येत नाई.

मांगं राह्यले शालिकभाऊ, दोन एकर मळा अन् भुऱ्या. भुऱ्या म्हणजे गोमतीचा कुत्रा. तिनंच वाढवलेला, अन् तिनंच लाडावून ठेवलेला. पाण्यात चमचाभर दूध टाकून ती डोक्यावर उभी राह्यली, "पे रे बाबा" म्हटलं, तवा साहेब पाणी पेणार! मले कुत्र्याचं वावडं. नमाजाचे कपडे असते, लाळ लागली की धुणं आलं. म्हणून भुऱ्या पायरीच्या खाली अन् मी पायरीच्या वर, असं आमचं ठरलेलं.

रोज साडेपाचले पुण्याहून फोन येते. शालिकभाऊले कानानं कमी, म्हणून फोन मोठ्यानं लावते. सारं मले ऐकू येते, ऐकाची इच्छा असो का नसो.

"भुऱ्यानं पाणी पेलं काय?"

"पेलं."

"अन् तुमी जेवले?"

"जेवलो ना. दोडक्याची भाजी केल्ती."

कधी दोडके, कधी भरले वांगे, कधी पालकाची डाळ. मी रहमतुल्लाले, माह्या नवऱ्याले, टोमणा बी मारला होता, "पाह्य, हा माणूस एकटा राहून रोज नवी भाजी करते. अन् तुमाले साधा चहा मांडता येत नाई."

यंदाच्या मे महिन्यात ऊन असं पडलं की दुपारी स्टँडवर कावळा बी दिसेना. भुऱ्या शालिकभाऊच्या सायकलीच्या आडोशाले जीभ काढून पडून राह्ये. पाण्याचं टोपलं, म्हणजे घमेलं, पुढं ठेवलं की हुंगे अन् तोंड फिरवे. शालिकभाऊ त्याच्यापुढं उकिडवे बसत, दूध टाकत, "पे रे बाबा" बी म्हणत. पण ते त्यायले गोमतीसारखं जमेना. एक दिवस मले म्हणते, "भाभी, इतक्या वर्षांत तिनं माह्या भरोशावर एकच जीव सोपवला. हा मेला त मी तिले काय तोंड दाखवू?"

बारा वर्षांत एवढं लांब वाक्य मी त्यायच्या तोंडून पयल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "पाणी पेत नाई त पाणी खाऊ घाला ना. पातळ ताकात भाकर कुस्करा. काकडी त तुमच्या टोपलीतच हाय."

अन् काय सांगू, भुऱ्या खाऊ लागला! काकडीचे तुकडे कडाकडा फोडे. ताक-भाकर त टोपलं चाटूनपुसून. उन्हाचे दिवस, आमच्याकडं खिशात कांदा घातल्याशिवाय माणूस वावरात जात नाई, म्हणून शालिकभाऊ त्या ताकात कांदा बी ठेचू लागले. मीच म्हटलं होतं, "घाला, घाला, ऊन बाधत नाई." साताठ दिवस दोघंबी खुश होते. फोनवर शालिकभाऊचा आवाज असा, जशी काही लॉटरी लागली.

नवव्या दिवशी भुऱ्या उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक. मुतला त कोऱ्या चहाच्या रंगाचं. शालिकभाऊ नुसते त्याच्यापाशी बसून "पे रे बाबा, पे रे बाबा" करत होते. मंग मी आपला नमाजाचा दुपट्टा दुकानात ठेवला, भुऱ्याले पोत्यात गुंडाळलं, अन् जानरावच्या ऑटोत घालून कारंज्याले जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. लाळेचं मंग पाहू म्हटलं.

सुचिता मॅडम म्हणून पोरगीच होती, पण हुशार. हिरड्या पाह्यल्या अन् पयले इचारलं, "याला खायला काय देता?"

"मी खातो तेच," शालिकभाऊ म्हणाले.

"तुम्ही काय खाता?"

"ताक, भाकर, कांदा."

"कांदा? अहो, कांदा कुत्र्यासाठी विष असतो! रक्त फुटतं त्याने. बरं, हे सकाळचं झालं. संध्याकाळी काय देता?"

"तेच."

"आणि काल? परवा?"

शालिकभाऊनं माह्याकडं पाह्यलं, मंग खाली पाह्यलं. "तेच असते, मॅडम. एकट्यासाठी चूल कोण पेटवते? भाकरी बी शेजारची बाई दोन दिवसाच्या एकदम थापून देते."

मॅडम लिहीत होती, तिचा पेन थांबला. ते दोडके, ते भरले वांगे! दिवसभर दुसऱ्याले काकडी खाऊ घालणारा माणूस तीन वर्षं घरी कांदा फोडून राह्यला, अन् मी हातभर अंतरावर बसून त्याले शाबासकी देऊन राह्यली. मले माह्याच थोबाडीत मारावं वाटलं.

भुऱ्याले सलाईन लागलं. मॅडमनं सांगितलं, कांदा-लसूण बंद, मीठ नाई. काकडी सोलून, टरबूज बिया काढून, दुधी उकडून त्याच्या पाण्यासकट, कोंबडीचा शोरवा बिनमिठाचा, थोडं थोडं पण घडीघडी. अन् पाण्याचं टोपलं सावलीत, दिवसातून तीनदा बदलून, ते बंद कराचं नाई. मी घरी शोरवा चढवला. रहमतुल्ला म्हणे, "मले मिठाचा कण कमी पडला त बोंब होते, अन् कुत्र्यासाठी खास आळणी पकवते काय?" मी म्हटलं, "गपचूप बसा, नाई त तुमाले बी तेच वाढते."

चार दिवस फोनवर शालिकभाऊ "मस्त हाय, मस्त हाय" करत राह्यले. पाचव्या दिवशी गोमतीनं व्हिडिओ लावाले सांगितला. भुऱ्यानं तिचा आवाज ऐकून मान उचलली, पण उठला नाई. तवा मंग शालिकभाऊनं खरं सांगितलं, "मीच कांदा चारला. मले मालूम नव्हतं."

गोमती अशी खवळली! "एक मुकं जनावर सांभाळता आलं नाई तुमाले? एवढी बी अक्कल नाई?" शालिकभाऊ मान खाली घालून ऐकत होते.

माह्यं डोस्कं फिरलं. मी फोन हिसकला. "गोमती, थांब! त्याच्या टोपल्यात कांदा कुठून आला, हे नाई इचारलं तू? यायच्या ताटातून आला. तीन वर्षं हा माणूस दोन्ही टाइम ताक-भाकर-कांदा खाते. तुले सांगते त्या साऱ्या भाज्या झूठ हाय!"

तिकडून हुंदका आला. "लतीफा, लेकराले कोणापाशी सोडून येऊ मी? तू सांग." फोन बंद झाला.

खोटं नाई बोलत, मले वाटलं मी लय मोठं काम केलं. कोणीतरी सांगाचं होतंच. मी शालिकभाऊकडं पाह्यलं, वाटलं, हा माणूस आता मन मोकळं करन.

ते टोपलीतल्या उरलेल्या काकड्या एकेक पुसून पोत्यात भरत होते. रागानं नाई, साधं बोलावं तसं बोलले.

"कायले सांगितलं, भाभी? येता त तिले येत नाईच. पण आतापर्यंत तिथं ती पोटभर जेवत होती."