सासूबाईंची खालची कवळी

दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या त्या लॅबमध्ये बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला सगळे कानस म्हणत. हातात कायम कानस असायची म्हणून, आणि जीभही त्याच जातीची होती म्हणून. शेजारच्या टेबलावर त्याचा साडू बसायचा. त्याला या कामात कानसनेच आणलं, मेण तापवण्यापासून शिकवलं, आणि आता डॉक्टर लोक फोनवर साडूलाच काम द्या म्हणून सांगत. घरीही तेच. साडूचं घर, साडूची शांत वृत्ती. ऐकून ऐकून कानसचं डोकं उठायचं.

त्यात सासूबाईंचे दात गेले. एका जावयाला काम दिलं तर दुसरा तोंड फुगवणार, म्हणून त्या भल्या बाईने वरची कवळी साडूला आणि खालची कानसला करायला सांगितली. कवळी म्हणजे काय सदऱ्याच्या बाह्या, एक याने शिवावी, एक त्याने? वरचे आणि खालचे दात समोरासमोर ठेवून एकाच हाताने बसवायचे असतात. दोघांनाही हे पाठ होतं. पण नाही म्हणणं म्हणजे माघार, आणि दोघांपैकी कोणी नाही म्हटलं नाही.

हसताना लोकांना दिसतात ते वरचे दात, म्हणजे वाहवा साडूची. हा विचार कानसच्या डोक्यात घुसला आणि त्याने खालचे दात दीड मिलिमीटर उंच बसवले, नजरेत भरावेत म्हणून. साडूची कवळी हातभर अंतरावर पडली होती. तिच्यावर ठेवून बघायला तो उठलासुद्धा नाही. डॉक्टरांनीही सवय होईल म्हणून बसवून दिली.

पंधरा दिवसांत सासूबाईंचे गाल बसले. विचारलं की छान आहे हो म्हणायच्या, आणि पातळ काहीतरी पिऊन उठायच्या. साडू एकदा दबकत म्हणाला की खालची जरा उंच वाटते. कानस असा उसळला की पुढे आठवडाभर लॅबमध्ये दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

मग रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनाची पाळी सासूबाईंची आली. पहिल्याच ओळीला दात खटखटले आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं. वाचन येशूच्या शिष्याचं, पेत्राचं होतं. प्रभू त्याला बोलावतो, तर हा मागे वळून दुसऱ्याच शिष्याबद्दल विचारतो की याचं काय. आणि प्रभू सुनावतो की त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागे चल. ते सुनावणं खट खट करत बाहेर आलं. सासूबाईंनी रुमाल ओठाला लावला, तर त्यावर रक्ताचा ठिपका उमटला. तरी वाचन पुरं करूनच त्या बसल्या.

कानसला प्रभूचाच राग आला. हे काय उत्तर झालं? बावीस वर्षं राबायचं, आणि शेजाऱ्याच्या पदरात काय पडलं तेही बघायचं नाही? सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते तेव्हा तो मनात प्रभूला अद्वातद्वा बोलत होता. डोळ्यांपुढून तो ठिपका मात्र हलेना. साडूकडे बघता बघता, ज्या तोंडासाठी काम हाती घेतलं त्या तोंडाकडे त्याने बघितलंच नव्हतं. मग राग त्याच्या स्वतःवरच उलटला, आणि तो फार जाळणारा होता. प्रार्थनेला त्याला शब्द दोनच सुचले. चुकलो. येतो.

सोमवारी तो साडूच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "माझी उंच आहे," तो म्हणाला. "मुद्दाम केली मी."

साडू हातातलं मेण बघत राहिला. "मी तरी अर्ध्या कामाला कुठे नाही म्हटलं? तुमच्यापुढे कमी पडायचं नव्हतं मला."

संध्याकाळी दोघे सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बसले. त्यांना निळा कागद दातांत धरायला लावायचा, कवळी काढून घ्यायची, आणि जास्त टेकणाऱ्या जागी निळं उमटलेलं घासायचं. साडू जागा दाखवत होता आणि कानस आपले देखणे दात आपल्या हाताने झिजवत होता. प्रत्येक वेळी त्याचा जबडा आवळला जायचा. शेवटी सासूबाईंनी सफरचंदाची फोड दातांत धरली, आणि ती तुटली.

तेवढ्यात आलेली शेजारीण सासूबाईंकडे बघून म्हणाली, "वरचे दात काय सुरेख बसलेत. कोणी केले?"

कानसच्या कपाळाची शीर उडाली.

"माझ्या साडूने," तो म्हणाला.

खालच्यांबद्दल तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सासूबाईंचं बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या दुसरी फोड उचलत होत्या.