रेडिएटरात पाणी नव्हतं

आमचा छोटा ट्रॅक्टर डाळिंबाच्या बागेत चौथ्या ओळीत एकाएकी बंद पडला, तेव्हा त्यावर आण्णा, म्हणजे माझे वडील होते. मी बांधावरूनच ओरडलो, "आता काय केलं?" इंजिनातलं आपल्यालाच कळतं असा माझा तोरा होता, आणि तोंडाला लगाम तर कधीच नव्हता.

फवारणी चालली होती. उन्हाळ्यात फळं करपू नयेत म्हणून आम्ही झाडांवर जुन्या साड्या टाकतो. बाजारात त्यांचे गठ्ठेच मिळतात. त्या वर्षी सगळ्या साड्या मी एकट्यानं बांधल्या होत्या आणि दोन दिवसांत काम उरकलं म्हणून घरात मिरवलोही होतो.

मी किल्ली फिरवली. नुसता टक्क आवाज आला. बॅटरी उतरली म्हणावं, तर दिवे लख्ख लागत होते. डिझेल निम्म्यावर होतं, फिल्टर स्वच्छ होता, ऑइल खुणेबरोबर होतं. मग पंख्याचा पट्टा धरून इंजिन हातानं फिरवून पाहिलं. तसूभर हललं नाही, जाम झालं होतं. जरा निवल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. आत कोरडं ठाक.

"आण्णा, पानी बघितलं न्हवतं का?"

"सकाळीच भरलं की. दोन तांबे बसलं."

"मग गेलं कुठं? प्यालात का तुमी?"

हिवाळ्यात ते एकदा विहिरीवरची मोटार बंद करायला विसरले होते. मी तेही उकरून काढलं. आईच्या देखत म्हणालो, "तुमच्या डोक्यात काय ऱ्हात न्हाई आता." इंजिन किती तापलंय हे दाखवणारा काटा वर्षभर मेलेला होता आणि तो बदलायचं माझ्याकडं होतं, हे मात्र मी बोललो नाही.

आण्णा झाडाखाली बसून बोटांवर सकाळ मोजत होते. आधी शेण काढलं, मग धार, मग चहा. पाण्यापाशी आले की अडखळायचे आणि पुन्हा शेणापासून सुरुवात करायचे. दुपारी जेवताना म्हणाले, "भरलं आसंल, आसं वाटतंय." मी किल्ली खिशात घातली आणि उद्यापासून ट्रॅक्टरला हात लावू नका म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी संगमनेरहून मेस्त्री आले. त्यांनी आधी पुढची जाळी खोलली. ती एका कोपऱ्यात मोडलेली होती, आणि मी ती काढून पाहिलीच नव्हती. आत रेडिएटरला चिकटून साडीचा दोन हात लांब तुकडा बसला होता.

"ह्यानं हवा कोंडली," मेस्त्री म्हणाले. "पानी उकळून उडालं. फवाऱ्याच्या धुक्यात वाफ कुनाला दिसती? भरल्यालंच हुतं, हे उतू गेल्याले डाग बघा."

मी चौथ्या ओळीत गेलो. एका झाडावरची साडी सुटून पार रस्त्यात लोंबत होती, पदर फाटलेला. घाईत तिला मी एकच गाठ मारली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तुकडा घेऊन मी आण्णांकडं गेलो. सगळं सांगितलं. चूक माझी, पाणी तुम्ही भरलं होतं, असं दोनदा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पाया पडून माफी मागितली. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"न्हाई रं," ते म्हणाले. "पानी म्या भरलंच नसंल. तू म्हनलास तेच खरं."

इंजिन पंधरा दिवसांत चालू झालं. आण्णा परत त्यावर बसले नाहीत. हल्ली ते गोठ्याची कडी लावतात, चार पावलं जातात, माघारी येऊन ती हलवून बघतात, आणि तरी मला विचारतात, "लावली का रं म्या?"

लावली, असं मी दर वेळी सांगतो. ते माझ्याकडं बघतात आणि पुन्हा कडीला हात लावतात.