डिंकात कालवलेली गुलाबी पावडर

धावड्याच्या आमच्या विहारात पुस्तकांचं कपाट करायचं काम मला मिळालं, तेव्हा मी हवेत होतो. भोकरदनला इतरांच्या हाताखाली सुतारकी शिकलो होतो. गावातलं हे पहिलंच काम. ते बिघडलं तर गावात पुन्हा कोणी खुर्चीचा पाय ठोकायलाही बोलावणार नव्हतं. त्यात कपाटामागची भिंत ओल धरणारी.

जुन्या जालन्यातल्या दुकानदाराने एक प्लाय दाखवला. म्हणाला, "कारखान्यात याच्या डिंकातच बुरशीचं औषध घालतात. थरा-थरात मुरतं ते. कुठूनबी कापा, बराबर टिकतं."

मला अर्धंच ऐकायची खोड. डिंक माझ्याकडे आहे, औषध घरी आहे, मग हा माल कशाला? असा दीडशहाणपणा करून मी साधा प्लाय उचलला.

घरचं औषध म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायची गुलाबी पावडर. वडिलांना विचारलं. त्यांचा जन्म शेतीत गेलेला. म्हणाले, "दाण्याला बुरशी लागू देत न्हाई, मंग लाकडाला कशी लागू देईल? बिलकुल चालतंय." डिंक त्यांनीच घोटून दिला, आणि त्याने मी प्लायवर सनमायका चिकटवला. त्या दिवशी आम्ही दोघंही फार खूश होतो.

पावसाळा सरेपर्यंत सनमायका पापडासारखा सुटला. पावडरीने डिंकाची पकडच गेली होती. प्लायच्या आतल्या थरांपर्यंत तर औषध पोचलंच नव्हतं. तिथे पांढरी बुरशी धरली आणि खालच्या खणातली पुस्तकं भिजल्यासारखी फुगली.

विहारात बैठक बसली. मला विचारलं, तर मी सरळ सांगून मोकळा झालो, "दुकानदाराने माल खराब दिला."

मागे भिंतीशी बसलेले वडील उठले. "दुकानदाराचं काही चुकलं न्हाई. पावडर मी दिल्ती. पोरगं मला झाकून राह्यलंय."

लोक वडिलांना मानतात. नवं कपाट मलाच करायला सांगितलं. ते मी औषधी डिंकाच्या प्लायचं, पदरमोड करून केलं. आज चार पावसाळे झाले, खालचा खण कोरडा आहे.

लोक अजून कौतुकाने म्हणतात, बापाची चूक झाकायला पोराने दुकानदाराचं नाव घेतलं. मला त्याची लाज वाटते. मी वडिलांना झाकत नव्हतोच, स्वतःला झाकत होतो. त्या बैठकीत उठताना हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.