गर्डरला सोडलेली जागा

बोईसरला कारखान्यांच्या मागे आईची खाणावळ आहे. पत्र्याचं छप्पर एका लोखंडी गर्डरवर, आणि गर्डरची दोन्ही टोकं विटांच्या भिंतीत. मिस्तरींनी ती सिमेंटने गच्च ठासली होती. घट्ट काम ही त्यांची शान. पण दर उन्हाळ्यात पश्चिमेच्या टोकाशी भिंतीला चीर पडायची. आई ती गणपतीआधी लिंपून घ्यायची, चैत्रात ती पुन्हा हजर.

यंदा ती चांगली हातभर लांबली. त्या भिंतीलगतच्या टेबलावर कोणी बसेना. "मौसी, दीवार गिरेगी तो सीधा दाल में," असं हसत म्हणणारे कामगार दुसरीकडे जेवायला लागले.

मिस्तरी म्हणाले, "पाया खचला. भिंत पाडायला लागल."

भिंत पाडायची म्हणजे खाणावळ बंद, आणि गेलेलं गिऱ्हाईक काही परत येत नाही. याच खाणावळीच्या जिवावर मी सिव्हिलची पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली पदवी, हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते.

मी चीर सकाळी पाहिली, दुपारीही पाहिली. सकाळी तिच्यात कागद शिरेना; दुपारी पत्रा तापल्यावर आईचं एटीएम कार्ड सरळ आत. खचलेला पाया रात्रीत वर येतो होय?

"मिस्तरी, पाया धड हाय. गर्डर उन्हात लांब होतो. त्याला सरकायला जागा नाय, म्हणून भिंतीला ढकलतो."

"लोखंड लांब होतं? रबर हाय का ते?"

"दोनेक मिलिमीटर. भिंतीला तेवढं पुरतं."

"कालेजात असलंच शिकवतात वाटतं!"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगी सांगते तसं करा. चुकली तर भिंत माझी पडल, तुमची नाय."

गर्डरला खालून टेकू दिले. मिस्तरींनी तोंड वाकडं करून पश्चिमेच्या टोकाभोवतीचं सिमेंट फोडलं. टोकाखाली ग्रीस लावलेली लोखंडी प्लेट, टोकापुढे बोटभर मोकळी जागा, तिच्यात दाबलं की दबणारं थर्माकोल. चीर बुजवून मी तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली की काच तडकणार.

मे महिना तापला. राहिलेले कामगार ताट घेण्याआधी काच बघायला यायचे. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, पण काच तशीच. मे सरला, तरी तशीच.

एका दुपारी मिस्तरी आले. "बाय, पाम गावात एका घरात गर्डर टाकायचाय. जागा किती सोडू?"

मी तोंड उघडणार, तोच आईने भिंतीलगतच्या टेबलावर ताट ठेवलं. "आधी इथं बसा, मिस्तरी. पाठ भिंतीकडं करून."

ते बसले.